भरपाईवाचून पश्चात्ताप अपुरा: मराठी धर्मग्रामांना उपवासकाळापूर्वीचे खुले पत्र

प्रति,
मराठी भाषक कॅथलिक धर्मग्रामांतील आदरणीय फादर, पॅरिश कौन्सिलचे सभासद आणि धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या शिक्षक-शिक्षिका यांस,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम नमस्कार.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना आपण ऐकतो : पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या प्रचाराची सुरुवातच या हाकेने होते (१:१५). त्यानंतरचे चाळीस दिवस आपले धर्मग्राम गजबजलेले असतात. दर शुक्रवारी क्रुसाची वाट, उपवास, तीन दिवसांची प्रवचने आणि पवित्र आठवड्यात कुमसारीसाठी (धर्मगुरूंजवळ पापांची कबुली देण्यासाठी) लागलेली लांब रांग. एवढे सगळे होऊनही पश्चात्तापाचा एक अख्खा भाग आपल्याकडून गळून पडला आहे. आपल्या पापामुळे दुसऱ्याचे जे नुकसान झाले ते भरून देणे, हा तो भाग. तो परत आणणे तुमच्या हातात आहे आणि उपवासकाळाची आखणी करण्याची वेळही हीच आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

चर्चची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. ट्रेंट येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने २५ नोव्हेंबर १५५१ च्या चौदाव्या सत्रात पश्चात्ताप करणाऱ्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा सांगितली : पापाबद्दल मनापासून दुःख, पापाची कबुली आणि प्रायश्चित्त. याला धर्मगुरूंच्या तोंडच्या पापमुक्तीच्या शब्दांची जोड मिळाली की संस्कार पूर्ण होतो. आज आपल्याकडे काय उरले आहे ते पाहा. दुःख म्हणजे पाठ केलेली पश्चात्तापाची प्रार्थना, प्रायश्चित्त म्हणजे तीन 'नमो मरिया', आणि सगळा भार कबुलीच्या दोन मिनिटांवर. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथाचा १४५९ वा परिच्छेद मात्र सांगतो की पापमुक्तीने पाप नाहीसे होते, पण पापाने करून ठेवलेली सगळी मोडतोड त्याने आपोआप दुरुस्त होत नाही. म्हणून चोरलेले परत करायचे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पूर्ववत करायचे, ज्याला इजा केली त्याला भरपाई द्यायची. हे अधिक भक्तिमान लोकांसाठी ठेवलेले जादा काम नाही. साध्या न्यायाची ती मागणी आहे, असे तो परिच्छेदच म्हणतो.

आधी दुःखाबद्दल, कारण तिथेच पुष्कळ लोक अडतात. "फादर, मला रडू येत नाही, म्हणजे माझा पश्चात्ताप खरा नाही का?" हा प्रश्न वयस्क माणसेही विचारतात. अश्रू हे पश्चात्तापाचे माप नाही. पाप नकोसे वाटणे, आणि ते पुन्हा न करण्याचे ठरवणे, ही इच्छेची कृती आहे. ती कोरड्या डोळ्यांनीही होते. देवावरील प्रेमापोटी झालेले दुःख पूर्ण मानले जाते. शिक्षेच्या भीतीने किंवा पापाच्या किळसेने झालेले दुःख अपूर्ण असते, पण तेही देवाचीच देणगी आहे आणि ते घेऊन कुमसारीला गेलेला माणूस रिकामा परतत नाही. पूर्ण दुःखाची एक गोष्ट तर फारच थोड्यांना माहीत असते : लवकरात लवकर कुमसार करण्याच्या निश्चयासह असे दुःख झाले, तर गंभीर पापाचीही क्षमा त्याच वेळी मिळते. आखातात नोकरीला असलेली, महिनोन्‌महिने जहाजावर राहणारी कितीतरी माणसे आपल्या घरांत आहेत. त्यांना जवळ धर्मगुरू मिळत नाही. निघण्यापूर्वी त्यांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवे.

दुःख कुठे नेते, यावर मात्र सगळे अवलंबून असते. यहूदा इस्कार्योतालाही पस्तावा झाला. त्याने चांदीची तीस नाणी परत आणून दिली, आपण निर्दोष माणसाला धरून दिले असे कबूलही केले, आणि मग तो एकटाच निघून गेला. येशूला नाकारल्यावर पेत्रही बाहेर जाऊन हमसून रडला, पण तो शिष्यांबरोबर राहिला आणि किनाऱ्यावर येशूसमोर उभा राहिला. पौल करिंथकरांना लिहितो की देवाला आवडणारे दुःख तारणाकडे नेते आणि जगाचे दुःख मरणाकडे (दुसरे पत्र, ७:१०). अपराधाच्या भाराखाली खचलेला एखादा तरुण "मला क्षमाच नाही" म्हणत असेल, तर त्याला आणखी कडक प्रवचन ऐकवू नये. त्याला देवाची दया दाखवावी, आणि मन फारच खचलेले असेल तर डॉक्टरांकडेही न्यावे.

आता मूळ मुद्दा. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातली जकातदार जक्कयाची गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते, पण ती, येशूला पाहायला तो ज्यावर चढला त्या उंबराच्या झाडावरच संपते. खरी गोष्ट तो खाली उतरल्यावर घडते. आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाला फसवून काही घेतले असेल तर चौपट परत करतो, असे जक्कय म्हणतो. जुन्या करारातील 'गणना' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील नियमानुसार, ज्याने आपला अपराध स्वतः कबूल केला त्याने मुद्दल आणि वर एक पंचमांश द्यायचा होता, म्हणजे शंभराला एकशेवीस. चौपट भरपाई ही 'निर्गम' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला सांगितलेली आहे. जक्कयाने स्वतःला सवलतीचा नियम लावला नाही, चोराचा लावला. आणि त्याचे हे बोलणे ऐकल्यावर येशू म्हणतो की आज या घरात तारण आले आहे. वर्गात ही गोष्ट शिकवताना फळ्यावर एवढा हिशेब जरूर मांडावा.

बाप्तिस्मा करणारा योहानही तसाच नेमका बोलत असे. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावे? तो जमावाला एक सरसकट उत्तर देत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी कोणाला धाकदपटशा दाखवून पैसे उकळू नयेत आणि आपल्या पगारात समाधानी राहावे. प्रत्येकाच्या धंद्यातले पाप त्याने ओळखले होते. आपल्या आत्मपरीक्षणाच्या पत्रिका मात्र तीच ती दहा आज्ञांची प्रश्नावली पुढे करतात, आणि ती वाचणारा इमारतीचा ठेकेदार, बँकेतला कारकून, नर्स, शिक्षक, रिक्षावाला, फुलबागायतदार, सगळे "सकाळची प्रार्थना चुकवली" एवढेच शोधून काढतात.

आपल्या जगण्यातले प्रश्न कसे असतील? कामगाराची मजुरी वेळेवर दिली का? घरकाम करणाऱ्या बाईची सुट्टी कापली का? बाप वारल्यावर बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली, तेव्हा तिला तिचा हिस्सा किती आहे हे सांगितले का? हा शेवटचा प्रश्न वसईसारख्या भागात, जिथे वाडी आणि गावठाणाच्या जागेचे भाव डोळ्यांदेखत चढले, फार महत्त्वाचा आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. "आपल्यात बहिणी मागत नाहीत" असे म्हणून, रडवून किंवा नाते तोडण्याची धमकी देऊन घेतलेली सही कागदावर कायदेशीर दिसेल, पण सदसद्विवेकबुद्धीपुढे ती दुसऱ्याचे घेणेच आहे. स्वखुशीने, सगळे समजून हक्क सोडणारी बहीण असू शकते. ते खरेच तसे होते का, हे भावाने स्वतःला विचारायचे आहे, आणि शंका असेल तर तिलाच जाऊन विचारायचे आहे. हा माणूस दर वर्षी कुमसारीला येतो आणि हे पाप कधीच सांगत नाही, कारण ते पाप आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

पैशाच्या भरपाईचे नियम नैतिक धर्मशास्त्रात पूर्वीपासून घालून दिलेले आहेत. ते धर्मगुरूंना ठाऊक आहेत, प्रापंचिकांपर्यंत पोहोचत नाहीत. घेतलेली वस्तू किंवा रक्कम ज्याची आहे त्यालाच परत करायची. चर्चमध्ये मेणबत्त्या लावून किंवा दानपेटीत टाकून ते ऋण फिटत नाही, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. मालक वारला असेल तर त्याच्या वारसांना द्यायचे. मालक कोण हे शोधूनही कळत नसेल, जसे मापात मारून अनेक अनोळखी गिऱ्हाइकांकडून घेतलेले पैसे, तेव्हाच ती रक्कम गरिबांना द्यायची. एकदम देणे शक्य नसेल तर हप्त्याने द्यायचे, पण पहिला हप्ता ठरलेल्या तारखेला गेला पाहिजे. मुळीच ऐपत नसेल तर बंधन थांबते, संपत नाही. ऐपत आली की ते पुन्हा लागू होते. आणि स्वतःला उघड करणे बंधनकारक नाही. पैसे निनावी पाठवता येतात. पश्चात्ताप करणाऱ्याची परवानगी असेल तर कुमसार ऐकणारे धर्मगुरू स्वतः ती रक्कम पोहोचवू शकतात, आणि देणाऱ्याचे नाव ते कधीही सांगणार नाहीत. "परत करायला गेलो तर पोलीस केस होईल" या भीतीने कितीतरी जण वर्षानुवर्षे अडकून पडतात. त्यांना ही वाट माहीतच नसते.

नावलौकिकाची भरपाई पैशाहून कठीण. इथे दोन पापे वेगळी ओळखावी लागतात, कारण त्यांची दुरुस्ती वेगळी आहे. एखाद्याबद्दल खोटे पसरवले असेल, तर ते खोटे होते हे ज्या लोकांना सांगितले त्यांनाच जाऊन सांगायचे. वाडीच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले असेल तर त्याच ग्रुपवर. संदेश गुपचूप पुसून टाकणे पुरेसे नाही, कारण तो वाचला गेलेला असतो. खाजगीत माफी मागून जाहीर बदनामी धुतली जात नाही. पण जे सांगितले ते खरे होते, फक्त सांगण्याचे कारण नव्हते, उदाहरणार्थ कोणाच्या घरातली जुनी लाजिरवाणी गोष्ट, तेव्हा "ते खोटे होते" म्हणता येत नाही. ते आणखी एक असत्य होईल. अशा वेळी विषय पुन्हा निघाला तर थांबवायचा, त्या माणसाचे खरे चांगले गुण त्याच लोकांसमोर बोलून दाखवायचे, आणि आपल्या बोलण्यामुळे त्याचे लग्न मोडले, नोकरी गेली असे काही झाले असेल तर त्या नुकसानीचाही विचार करायचा. निवडणुकीत, शाळेच्या वादात, पॅरिश कौन्सिलच्या भांडणातही ही पापे घडतात. कौन्सिलच्या सभासदांनी ही ओळ स्वतःसाठी वाचावी अशी नम्र विनंती.

भरपाई करताना एक मर्यादा पाळावी लागते, आणि ती न पाळल्याने भलतेच घडते. ज्याला दुखावले त्याच्यावर आपला पश्चात्ताप लादायचा नाही. मारहाण करणारा नवरा उपवासकाळात फादरांसमोर रडतो, कुमसार करतो, आणि दुसऱ्या दिवशी मावश्या, मामा, कधी कधी आपलेच धर्मग्राममंडळ त्या बाईला सांगते, "त्याने पश्चात्ताप केला, आता तू घरी परत ये, ख्रिस्ताने क्षमा करायला सांगितले आहे." हे थांबवले पाहिजे. देवाने दिलेली क्षमा ही त्या बाईच्या सुरक्षिततेची हमी नसते. तिने मनात क्षमा करणे आणि त्याच छपराखाली परत राहायला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट मागण्याचा अधिकार त्याला नाही. त्याच्या भरपाईचा पहिला भाग म्हणजे तिला तिच्या जागी सुरक्षित राहू देणे, घरखर्च वेळेवर पाठवणे, आणि न्यायालय किंवा पोलीस जे ठरवतील ते टाळाटाळ न करता मान्य करणे. पापमुक्ती कायद्याच्या जबाबदारीतून कोणाला सोडवत नाही. लहान मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांत तर याबद्दल कणभरही संदिग्धता कोणाच्या प्रवचनात राहू नये.

दारूच्या बाबतीत नुसता निश्चय का टिकत नाही, हेही सांगायला हवे. पुन्हा न करण्याच्या निश्चयात पापाचे निमित्त टाळणे हे अंगभूत आहे. रोज संध्याकाळी त्याच मित्रांच्या त्याच कट्ट्यावर बसायचे आणि "पिणार नाही" म्हणायचे, हा निश्चय अर्धाच. आणि व्यसन जडले असेल तर तो आजारही आहे, त्याला उपचार आणि सोबत लागते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांतली चौथी पायरी स्वतःची निर्भयपणे नैतिक झडती घेण्याची, पाचवी आपल्या चुका देवाजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ कबूल करण्याची. आठवी ज्यांना ज्यांना दुखावले त्यांची यादी करण्याची आणि नववी शक्य तिथे प्रत्यक्ष भरपाई करण्याची, त्यामुळे त्यांना किंवा इतरांना आणखी इजा होणार असेल तेवढे प्रसंग सोडून. चर्चच्या जुन्या शिकवणीशी हे किती जुळते! अनेक ठिकाणी या सभा चर्चच्या किंवा शाळेच्या सभागृहातच भरतात. सभेचा वार आणि वेळ कुमसारीच्या खोलीबाहेर लावली, आणि फादरांनी प्रायश्चित्त म्हणून "या आठवड्यात एका सभेला जाऊन या" असे सुचवले, तर ते दहा जपमाळांपेक्षा त्या घराला अधिक उपयोगी पडेल.

हे आम्ही धर्मगुरूंच्या अधिकारात ढवळाढवळ म्हणून लिहीत नाही. चर्चच्या कायद्याच्या संहितेचा (कॅनन लॉ) ९८१ वा नियमच सांगतो की प्रायश्चित्त पापाच्या प्रकाराला व संख्येला आणि पश्चात्ताप करणाऱ्याच्या परिस्थितीला साजेसे, हितकारक असावे. उधार बुडवणाऱ्याला परतफेडीची तारीख, आईशी अबोला धरणाऱ्याला एक फोन, खोटे बिल लावणाऱ्याला हिशेब दुरुस्त करणे. मात्र ते नेमके, करता येण्याजोगे आणि संपणारे असावे. "आता नेहमी चांगले वाग" हे प्रायश्चित्त होत नाही, कारण ते पूर्ण झाले की नाही हे त्या माणसाला कधीच कळत नाही. आणि कोणाचे गुपित फुटेल असे जाहीर प्रायश्चित्तही देऊ नये.

अशी विचारपूस करायला वेळ लागतो, आणि वेळेचा हिशेब आपण मांडत नाही. समजा एका धर्मग्रामात कुमसार करू शकणारे दीड हजार लोक आहेत. एका माणसाला तीन मिनिटे धरली तर एक फादर तासाला वीस जणांची कुमसार ऐकतील. पवित्र आठवड्यात बाहेरून मदतीला बोलावून चार फादर दोन तास बसले, तर एकशेसाठ जण होतात. बाकीचे तेराशे चाळीस एक तर जातच नाहीत, किंवा मिनिटभरात उरकतात. दीड हजार माणसांना प्रत्येकी तीन मिनिटे म्हणजे पंचाहत्तर तास. धर्मग्रामातले दोन फादर सहा आठवडे रविवार सोडून रोज साधारण एक तास बसले तर एवढे काम होते. संध्याकाळी सात ते आठ, म्हणजे विरारची लोकल पकडून परतणाऱ्यालाही जमेल. ९८६ व्या नियमानुसार लोकांच्या सोयीचे दिवस व तास ठरवून कुमसारीची व्यवस्था करणे हे धर्मग्राम सांभाळणाऱ्यांचे कर्तव्यच आहे. पॅरिश कौन्सिलने त्या तासात फादरांवर दुसरी बैठक, दुसरा कार्यक्रम लादू नये, एवढे तरी पाळावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ पासून उपवासकाळातल्या चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी 'प्रभूसाठी २४ तास' सुरू केले. जिथे मनुष्यबळ कमी आहे तिथे शेजारच्या दोन-तीन धर्मग्रामांनी मिळून ते पाळता येईल.

गर्दीवर तोडगा म्हणून कोणी कोणी सामूहिक पापमुक्ती, म्हणजे वेगवेगळी कुमसार न ऐकता सर्वांना एकदम पापमुक्ती, मागतात. १९७३ च्या विधिपुस्तिकेत तो तिसरा प्रकार आहे खरा, पण ९६१ वा नियम तो मृत्यूचा धोका किंवा खरीखुरी गंभीर निकड एवढ्यापुरताच ठेवतो, आणि सणानिमित्त झालेली गर्दी हे कारण पुरेसे नाही असे तिथेच लिहिले आहे. निकड आहे की नाही हे बिशप ठरवतात. दुसरा प्रकार मात्र आपण खूप वापरावा : सर्वांनी मिळून शास्त्रवाचन, दहा मिनिटे शांत आत्मपरीक्षण, आणि मग प्रत्येकाची वेगवेगळी कुमसार. रांगेत उभे राहून गप्पा मारण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

कुमसारीतल्या नेहमीच्या चुका थोडक्यात. सासू, सून, शेजारी यांची पापे सांगत बसणे. "खूप पापे केली" असे मोघम बोलणे, गंभीर पाप कोणते आणि साधारण किती वेळा हे न सांगणे. कारणांची लांबण लावणे. लाजेने एखादे गंभीर पाप मुद्दाम दडवणे, ज्यामुळे अख्खी कुमसारच निष्फळ होते. उलट, विसरलेल्या पापाची मात्र क्षमा मिळालेली असते, आठवले की पुढच्या वेळी सांगायचे एवढेच. आणि काहीजण तीच क्षमा झालेली जुनी पापे पुन्हापुन्हा सांगत राहतात, रात्र रात्र झोपत नाहीत. अशांनी एकच फादर ठरवावेत, त्यांचे ऐकावे, आणि ते "बस" म्हणाले की थांबावे.

मुलांबद्दल थोडे सविस्तर, कारण धर्मशिक्षकांचे हे मुख्य काम आहे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी पहिली कुमसार होते, आणि त्या तयारीत मुलाला एक यादी मिळते : खोटे बोललो, भांडलो, आईला उलट उत्तर दिले, रविवारी मिस्सा चुकवली. पुष्कळ जण पन्नाशीतही हीच यादी म्हणतात. शिकवण्याची पद्धत बदलली तर हे बदलेल. यादीऐवजी मुलाला तीन प्रश्न द्यावेत : कोणाला दुखावले? त्याचे काय बिघडले? मी ते कसे नीट करीन? मित्राची कंपासपेटी मोडली तर कुमसारीआधीच खाऊच्या पैशांतून काही द्यायचे किंवा निदान त्याला खरे सांगायचे, हे सातव्या-आठव्या वर्षी सहज कळते. वर्गात पापे कागदावर लिहून घेण्याची पद्धत बंद करावी. लिहायचेच असेल तर मुलाने स्वतःसाठी लिहावे, शिक्षकाने वाचू नये, आई-वडिलांना दाखवू नये, आणि नंतर मुलानेच फाडावे. कुमसारीचे गुपित फादरांवर किती कडक बंधन आहे हे त्याला सांगावे : ते जाणूनबुजून थेट फोडणारा धर्मगुरू त्या क्षणी चर्चच्या सहभागातून बहिष्कृत होतो. मुलांची कुमसार जाळीच्या पडद्यातून, किंवा सर्वांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा मोकळ्या जागी व्हावी. बंद खोलीत नको. आणि घरी गेल्यावर "काय सांगितलेस?" असे विचारणाऱ्या आई-वडिलांना पालकसभेत आधीच समज द्यावी.

मोठ्यांच्या तयारीसाठी एक साधा क्रम सुचवतो. आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटे, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पाच मिनिटे स्तोत्र ५१ सावकाश वाचावे. दावीदाचे हे स्तोत्र नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सुनावल्यानंतरचे मानले जाते. पुढची पाच मिनिटे घर, काम आणि पैसा या तीन ठिकाणी शेवटच्या कुमसारीपासून काय घडले ते पाहावे. उरलेल्या पाच मिनिटांत एका कागदावर भरपाईची नावे लिहावीत : कोण, काय, केव्हापर्यंत. हा कागद फादरांना देण्याची गरज नाही, पण कुमसारीत "अमुक तारखेपर्यंत मी हे परत करीन" असे म्हणता येईल, आणि फादरांना योग्य प्रायश्चित्त देणे सोपे जाईल. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने अर्पण वेदीजवळच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. तेव्हा कागदावरचे एखादे नाव त्याच रात्री खोडता आले तर उद्यासाठी ठेवू नये.

या उपवासकाळासाठी आमच्या चार मागण्या आहेत. राखेच्या बुधवारापूर्वी कुमसारीचे रोजचे तास ठरवून ते मिस्साच्या वेळापत्रकाशेजारी लावावेत. उपवासकाळातले एक रविवारचे प्रवचन फक्त भरपाईवर असावे, आणि त्यात जमीन, मजुरी व बदनामी या तिन्हींचा नाव घेऊन उल्लेख व्हावा. आत्मपरीक्षणाची नवी पत्रिका शिक्षक, नर्स, दुकानदार, ठेकेदार, शेतकरी यांच्याशी बोलून, त्यांच्याच शब्दांत तयार करावी. ती दोन पानांपेक्षा मोठी नको. आणि निनावी परतफेडीची सोय धर्मगुरूंमार्फत आहे, ही एक ओळ त्या पत्रिकेच्या तळाशी ठळक अक्षरात छापावी. पत्रिकेचा मसुदा तयार करणे, टाइप करणे, वाडीवाडीत पोहोचवणे, हे काम आम्ही करू. तुम्ही फक्त तो तपासून मंजूर करावा आणि प्रवचनाचा रविवार कळवावा.

आपले,
धर्मशिक्षण आणि प्रायश्चित्त संस्काराच्या तयारीचे काम करणारे प्रापंचिक